दहा लिटरला ब्याऐंशी

मराठी माणसाला नवी गाडी दाखवली की तो तिच्याभोवती एक चक्कर मारतो, पुढच्या टायरला चपलेच्या टोकानं ढोसतो आणि विचारतो, "अ‍ॅव्हरेज काय देते?" रंग कसा आहे, बसायला ऐसपैस आहे का, घेणारी खूश आहे का, असलं काही त्याला सुचत नाही. अ‍ॅव्हरेज म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शाळेत त्याच शब्दाचा अर्थ सरासरी असा शिकवतात, पण शाळेतलं शाळेत राहतं. इथे बंगळूरमध्ये लोक "मैलेज एष्टु?" असं विचारतात. मला त्याचं हसू यायचं. मैल कधीच गेले, आणि हे अजून मैलेज धरून बसलेत, असं मी म्हणायचे.

माझ्या बाबांनीही तेच विचारलं. दसऱ्याच्या सकाळी मी त्यांना लिफ्टनं तळघरात नेलं, झेंडूची माळ घातलेल्या गाडीसमोर उभं केलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या कमाईतून, नवऱ्याचा सल्ला न घेता मी ही गाडी घेतली होती. बाबांनी चक्कर मारली. टायर ढोसला. "काय देती?" ते म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सण होता, म्हणून गप्प बसले.

गाडी म्हणजे पिकअप. पुढे चार दारांची केबिन, मागे उघडा हौदा. डोंगरदऱ्यांत जायला निघाल्यासारखा तिचा सगळा थाट. गुडघ्याच्या वर येणारे खडबडीत टायर, पुढे लोखंडी दांड्यांचा जबडा, टपावर सामानाची जाळी आणि त्या जाळीवर चार जादा दिवे, जे मी आजतागायत एकदाही लावलेले नाहीत. जाहिरातीत ही गाडी नदी ओलांडत होती. माझ्याकडे आल्यावर ती कोरमंगलातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरातून वर यायची, नऊ किलोमीटरवरच्या माझ्या ऑफिसला चाळीस मिनिटांत पोचायची आणि संध्याकाळी तशीच रखडत परत यायची. मागच्या हौद्यातून तिनं वाहिलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शेजारच्या अक्कांची तुळशीची कुंडी. या अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. "अय्यो, येवढी दोड्ड गाडी, आणि स्वल्प एक कुंडी ठेवायला तुम्ही नको म्हणता होय वो?" असं म्हणून त्यांनी ती ठेवायला लावली होती.

मग अशी गाडी घेतलीच कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. त्याला मी म्हटलं, आवडली म्हणून. खरं कारण सांगायला मला लाज वाटत होती.

बाबा बस चालवायचे. कऱ्हाडच्या बाजूला एका डेपोत एकतीस वर्षं. सुट्टीत मी त्यांच्या फेरीला जायचे आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला नाक लावून बसायचे. तिथून रस्ता खाली कुठेतरी दिसायचा. बैलगाड्या, सायकली, मोटारी, सगळं खाली. मला तिथे बसून ते मोठं चाक फिरवायचं होतं. बाबांनी कधी हात लावू दिला नाही. "तुझं काम नाही ते," एवढंच म्हणायचे. भावाला मात्र डेपोच्या मागच्या मैदानात मांडीवर घेऊन चालवायला द्यायचे. मी तिशीत बंगळूरमध्ये गाडी शिकले, नवऱ्याची छोटी गाडी चालवली, पण उंचावर बसून रस्ता खाली बघायचा हट्ट काही सुटला नाही. तर ती उंची मी विकत आणली होती, आणि ती बघून बाबा म्हणाले, काय देती.

त्यांचाही दोष नव्हता म्हणा. त्यांच्या डेपोत दर महिन्याला फळ्यावर ड्रायव्हरांची यादी लागायची. कोणी डिझेल किती जाळलं आणि त्यात बस किती पळवली. तो हिशेब एका लिटरचा नसायचा. दहा लिटरला किती किलोमीटर, असा असायचा. बाबा घरी येऊन पायरीवर चपला काढता काढता नुसतं "सेहेचाळीस" म्हणायचे, आणि स्वारी आज खुशीत आहे हे आईला कळायचं. त्रेचाळीस आले की जेवताना कोणी बोलायचं नाही. बाकी ड्रायव्हर गाडी किती जोरात हाणली ते सांगायचे. बाबांची मिजास वेगळी होती. उतार कुठे सुरू होतो, पाय कधी उचलायचा, सिग्नलला इंजिन कधी बंद करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. यादीत त्यांचं नाव पहिल्या तिघांच्या खाली गेल्याचं मला आठवत नाही.

आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, ते आमच्याकडे राहतात. वय सत्त्याहत्तर. करायला काही नाही. म्हणून माझ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज काढायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पद्धत साधी. पंपावर टाकी फुल करायची, नळी आपोआप पहिल्यांदा बंद पडली की तिथेच थांबायचं, हट्टानं आणखी ओतायचं नाही. किलोमीटर मोजणारा छोटा मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच फुल करायची. जितकं डिझेल आत गेलं तितकं आपण जाळलं. त्याला ते टाकी टू टाकी म्हणायचे. एक लांबट वही आणली, तारीख, तिच्यापुढे वार, मग किलोमीटर, मग लिटर असे रकाने आखले. पहिला निकाल तीन आठवड्यांत लागला.

"ब्याऐंशी," बाबा म्हणाले.

म्हणजे लिटरला आठ पूर्णांक दोन. मी हसले. कारण मला खरं अ‍ॅव्हरेज माहीत होतं. ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.

स्टीअरिंगच्या मागे मीटरचा पडदा आहे. त्यावर शोरूमचं पातळ प्लास्टिक तसंच होतं. आपण लोक नव्या वस्तूवरचं प्लास्टिक आपणहून काढत नाही. आमच्या टीव्हीच्या रिमोटवरचं तीन वर्षं टिकलं होतं. उन्हानं या पडद्यावरच्या प्लास्टिकला बुडबुडे आले, खालची बारीक अक्षरं धुरकट झाली, पण मोठे आकडे स्वच्छ दिसायचे. ए, व्ही, जी ही तीन ठळक अक्षरं, म्हणजे अ‍ॅव्हरेज, आणि त्यापुढे आकडा. गाडी सुरू केली की तो नव्यानं चालू व्हायचा आणि ऑफिसला पोचेपर्यंत तेरा ते चौदाच्या मध्ये येऊन स्थिरावायचा. सेल्समन म्हणाला होता, "फोर्टीन आराम से, मॅडम." खोटं बोलला नव्हता बिचारा. शिवाय आकडा अगदी शहाण्यासारखा वागायचा. गर्दी वाढली की खाली यायचा, रस्ता मोकळा मिळाला की वर चढायचा. अ‍ॅव्हरेज असंच तर वागतं.

"बाबा, तेरा पॉइंट आठ. स्क्रीनवर लिहिलंय."

"स्क्रीनला काय जातंय लिहायला? डिझेल आपण भरतोय."

"अहो, कॉम्प्युटर आहे तो. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो."

"मग थेंब कुठं जातेत ते इचार त्याला."

असं सुरू झालं. दुसऱ्या टाकीला त्यांचे एक्क्याऐंशी आले, तिसऱ्या टाकीला त्र्याऐंशी. मी म्हणायचे, तुम्ही भागाकार चुकता. मी म्हणायचे, पंपावर माप मारतात. मी म्हणायचे, पहिल्या वेळी टाकी नीट भरलीच नव्हती. त्यांनी वही माझ्यासमोर धरली की मी मोबाईलमध्ये बघत राहायचे. आणि त्यांचं चालूच असायचं. हे टायर चिखलाचे, डांबरावर हे टायर म्हणजे पायात गमबूट घालून पळायचं. टपावरची जाळी वारा अडवते. ती काढ. ते दिवे काढ. रिकामी गाडीच दोन टनांची, रोज एकट्या बाईला ऑफिसला न्यायला दोन टन लोखंड कशाला ओढायचं. "सिग्नलला उभी राहून पिती ही," ते म्हणायचे. एका शब्दानं ते म्हणाले नाहीत की पोरी, छान चालवतेस. मी त्यांना शेजारी बसवून त्या गर्दीतून ही एवढी गाडी एक ओरखडा न पडू देता नेत होते, आणि त्यांचं लक्ष माझ्या उजव्या पायाकडे. चुकणाऱ्या माणसाची चूक दर वेळी सारखीच कशी येईल, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा यायला हवा होता. आला नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की या माणसाला माझी गाडी वाईट ठरवायचीच आहे.

त्याच सुमाराला दुसऱ्या काही गोष्टी घडल्या. दुधाखाली गॅस चालू राहिला आणि पातेलं करपलं. एकदा ते तिसऱ्या मजल्यावर उतरले आणि आमचं समजून खालच्या घराची बेल वाजवत राहिले. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मजले एकसारखे आहेत, मी स्वतः दोनदा तशी बेल वाजवलेली आहे. पण मी माझं मोजलं नाही, त्यांचं मोजलं. पातेलं, बेल, आणि सगळ्यात वर ब्याऐंशी. ज्या माणसाचं आयुष्य डिझेलच्या हिशेबात गेलं त्याला आता साधा भागाकार येत नाही, असं मी एका रात्री नवऱ्याला म्हणाले. म्हणताना माझ्या आवाजात काळजी होती, पण काळजीखाली आणखी काहीतरी होतं. वाद जिंकायचा सोपा रस्ता सापडला होता.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. वयस्कर माणसांच्या विसरण्याचं बघणाऱ्या डॉक्टर, कन्नड बाई, बोलायला फार मऊ. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरीणबाईंनी हिंदीत विचारलं, आज कोणता महिना, आपण कोणत्या शहरात आहोत. बाबांनी सांगितलं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाल्या. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. तिथे ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे कशाला?" बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मी आधी फोनवर सांगितलेलं त्यांना आठवलं. त्या हसून म्हणाल्या, बेटी की नई गाडी कितना देती है, अंकल?

बाबा खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या विषयातला प्रश्न आला होता.

"बयासी," ते म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. लिटरला ब्याऐंशी किलोमीटर देणारी मोटार जगात नसते, हे त्यांनाही कळत होतं. त्या खोलीत ब्याऐंशीचा अर्थ माहीत असणारं दुसरं माणूस मी होते. सेहेचाळीस आणि त्रेचाळीस ऐकत मी वाढले होते. दहा लिटरला, डॉक्टर, डेपोची पद्धत आहे ती. एवढं एक वाक्य. मी ते बोलले नाही. दहा लिटरला धरलं तरी ते चूकच आहे ना, असं मी स्वतःला समजावलं, आणि मूग गिळून बसले.

बाईंनी घाईनं काही ठरवू नका म्हणून सांगितलं. रक्ताच्या तपासण्या, तीन महिन्यांनी पुन्हा या, तोपर्यंत लक्ष ठेवा, एकट्यानं गाडी चालवायला नको. तपासण्या चांगल्या आल्या. पण घरी आल्याबरोबर मी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं धरून बसले. नवऱ्याची छोटी गाडी घेऊन बाबा रविवारी भाजीला जायचे. तिची किल्ली त्यांनी मी मागायच्या आधीच टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी वही ठेवली.

"ही कशाला?" मी म्हटलं.

"चुकीचं लिहून काय उपयोग," ते म्हणाले.

मी वही नेऊन पिकअपच्या पुढच्या खणात टाकली. टाकी फुल केली की छोटा मीटर शून्यावर आणायची सवय मात्र मला लागली होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर घरात शांतता झाली. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला बरं वाटलं. गाडीत बसल्यावर कोणी पायाकडे बघत नव्हतं. मग हळूहळू ती शांतता मला टोचायला लागली. बुधवारी बाबा एकटे मेट्रोनं चिकपेटला जायचे. तिथल्या हार्डवेअरच्या गल्ल्यांतून दोन तास हिंडायचे आणि एखादा पाना किंवा चार स्क्रू घेऊन विजयी मुद्रेनं परत यायचे. ते बंद झालं. "वाट चुकलो तर तुलाच ताप," म्हणाले. गॅस बंद केला की स्वयंपाकघरात परत जाऊन बघायचे, मग मला बघायला लावायचे. सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहून तारीख बघायचे आणि तरी मला विचारायचे, "आज गुरुवारच ना?" गुरुवारच असायचा. मी लॅपटॉपमधून मान वर न करता हो म्हणायचे. चौथ्या-पाचव्या वेळी मी खेकसले, "बाबा, समोर लिहिलंय ना!" ते म्हणाले, "लिहिलंय गं. पण मी वाचलंय ना ते."

मला तेव्हाही कळलं नाही. म्हणजे वाईट वाटलं, पण त्याचा धागा माझ्यापर्यंत येतो हे कळलं नाही. मी आजाराला शिव्या दिल्या, शहराला शिव्या दिल्या, अकराव्या मिनिटाला हिरव्या होणाऱ्या सिग्नलला तर रोजच देत होते.

फेब्रुवारीत अक्का आल्या. आनेकलला त्यांचा भाऊ शेती करतो, त्याच्याकडे त्यांच्या वाटणीचं नाचणीचं पोतं पडून होतं. "तुमची दोड्ड गाडी जाऊन येऊ दे की एकदा," म्हणाल्या, आणि बाबांकडे वळून, "अण्णा, तुमी पण जावा. घरात बसून बसून वाळलात बगा." मला त्यांचं म्हणणं पटलं. शिवाय इतक्या दिवसांनी या हौद्यात सामान पडणार होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो.

सुट्टीच्या सकाळी होसूर रोडचा उड्डाणपूल रिकामा होता. गाडीला पहिल्यांदाच श्वास घ्यायला मिळाल्यासारखी ती पळाली. पडद्यावरचा आकडा चढायला लागला. अठरा. बावीस. चंदापुरा मागे टाकून आनेकलच्या रस्त्याला लागलो तेव्हा सत्तावीस, मग एकतीस. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. आजारी माणसाशी जिंकून काय मिळणार होतं, पण मला राहवलं नाही.

"बघा बाबा! आहे ना? गावाबाहेर पडल्यावर एकतीस!"

मी वाट बघितली. मला वाटलं, आता भडका उडेल. दोन टनांची गाडी, गमबुटासारखे टायर, टपावर जाळी, आणि म्हणे एकतीस. कोणी डेपोत असं म्हटलं असतं तर बाबांनी त्याला चहाच्या टपरीवर दिवसभर सोलून काढला असता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, वाकून पडद्याकडे बघितलं.

"असेल," ते म्हणाले.

"असेल?"

"तुझी स्क्रीन म्हणती तर असेल. मला हल्ली कळत नाही त्यातलं."

आणि चष्मा घडी घालून खिशात ठेवला.

मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. कारण एकतीस शक्यच नव्हतं. ते मलाही माहीत होतं. त्या ड्रायव्हरच्या पोटी जन्मलेल्या पोरीला एवढं तर माहीत असणारच. मी इतका वेळ ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं, कारण समोरून विरोध होत होता. आता विरोध करणारं कोणी उरलं नव्हतं. मी एका शहाळ्याच्या गाडीमागे पिकअप थांबवली. नख घालून पडद्यावरचं प्लास्टिक कोपऱ्यातून उचकटलं आणि सर्रकन ओढून काढलं. आकड्याच्या खाली बारीक, स्वच्छ अक्षरं होती. के, एम, एक तिरकी रेघ, आणि एच. ताशी किलोमीटर.

तो वेग होता. माझ्या वेगाचं अ‍ॅव्हरेज. नऊ किलोमीटरला चाळीस मिनिटं, म्हणजे तासाला साडेतेरा. चौथीतलं मूल करेल असं गणित मी रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर घेऊन चालले होते आणि त्याला डिझेल समजत होते. बटण दाबलं तर डिझेलचा हिशेब पुढच्या पानावर होता, वेगळा. मैलेज म्हणणाऱ्या माणसाची ही चूक कधी झाली नसती. अ‍ॅव्हरेज दिसल्यावर ते कशाचं, हा प्रश्नच मला पडला नव्हता.

"बाबा, हा वेग आहे," मी म्हटलं. "अ‍ॅव्हरेज नाहीच हे. तुमचंच बरोबर होतं."

त्यांनी खिशातला चष्मा काढला नाही.

"ब्याऐंशी बरोबर होते बाबा. एक्क्याऐंशी बरोबर होते. त्र्याऐंशी पण."

मला वाटत होतं, आता तरी ते ओरडतील. ओरडायला हवं होतं. मी ओरडून घ्यायला तयार बसले होते. ते काचेतून शहाळेवाल्याकडे बघत राहिले. तो कोयत्यानं शहाळं तासत होता, आणि बाबा ते काम पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत होते.

"पहिल्यांदा मला वाटलंच नव्हतं माझं चुकतंय," ते म्हणाले. "तू म्हणायचीस, पण मी काय मनावर घ्यायचो नाही. तुला राग यायचा तो गाडीचा यायचा. पण त्या डॉक्टरीणबाईंकडे मी ब्याऐंशी म्हणालो, तेव्हा तू गप्प बसलीस. तुला तर डेपोचा हिशेब माहीत होता. म्हटलं, हिला माहीत असून ही बोलत नाही, म्हणजे खरंच आपलं डोकं गेलं."

मी स्टीअरिंग धरून बसले. मला माफ करा, असं म्हणाले बहुतेक. त्यांनी हात हलवला. "चल," म्हणाले, "पोतं घ्यायचंय." रस्त्याला लागल्यावर मी रडले आणि ते त्यांना दिसलं, पण चालवताना बोलायचं नाही हा त्यांचा जुना नियम आहे, तो त्यांनी पाळला.

नाचणीचं पोतं हौद्यात पडलं. पन्नास किलो असेल, या गाडीला ते कळलंही नाही. परत येताना आनेकलच्या बाहेर एक पंप लागला आणि मी न विचारता आत वळले. पंपावरच्या बाईनं नळी हातात घेऊन खूण केली, "झीरो नोडी, मेडम." मी बाबांना म्हटलं, तुम्ही बघा. ते खाली उतरले. जुन्या सवयीनं आधी शून्य बघितलं, मग टाकीच्या तोंडाशी कान देऊन उभे राहिले. नळी खट्ट करून बंद पडली. बाई आणखी ओतायला लागली तशी त्यांनी हात आडवा केला. "साकु, साकु," म्हणाले. पुरे हा शब्द ते कधी शिकले होते कोण जाणे.

बावन्न पॉइंट चार लिटर. छोटा मीटर चारशे तीस. मी खणातून वही काढली आणि पेन्सिलसकट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पेन्सिल उचलली नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत त्यांचे ओठ हलले, पायरीवर चपला काढताना हलायचे तसे.

"ब्याऐंशी," ते म्हणाले. आणि लगेच, "मोबाईलवर करून बघ."

"नको बाबा. बरोबर आहे."

"बघ म्हणतो ना."

मी बघितलं. आठ पॉइंट दोन. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो आकडा चष्मा लावून दोनदा वाचला, मान हलवली आणि वही उघडली. सहा आठवड्यांच्या कोऱ्या जागेखाली सावकाश तारीख लिहिली. तारखेपुढे वार लिहायची त्यांची पद्धत आहे. तिथे पेन्सिल थांबली.

"आज रविवारच ना?" त्यांनी विचारलं.

रविवारच होता.